स्पीड बसवली

यामिनीचा संशयी स्वभाव घरात सगळ्यांना ठाऊक होता. दूधवाल्याने कधी खुशीने चार थेंब जास्त घातले, तरी ती आत जाऊन आईला विचारायची, आज हा एवढा उदार कसा काय झाला? अशा माणसाने संगणकाचे प्रोग्रॅम लिहायचा धंदा धरला हे एका परीने चांगलंच झालं. यंत्रांवर कितीही संशय घ्या, ती रुसत नाहीत. माणसांचं तसं नसतं, पण एवढी गोष्ट चौतिसाव्या वर्षापर्यंत तिला कोणी शिकवली नव्हती.

दुर्गजवळच्या स्मृति नगरातल्या घराच्या वरच्या खोलीत तिचं ऑफिस होतं. तिथे बसून तिने दोन वर्षांपूर्वी सुमंतभाऊंच्या कुम्हारीच्या कारखान्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. कारखाना लहानच. रेल्वेचा रूळ स्लीपरला धरून ठेवणारे लोखंडी क्लिप तिथे भट्टीतून काढून पक्के करत. क्लिप एका लोखंडी पट्ट्यावर बसून हळूहळू भट्टीतून जायचे आणि पलीकडे तेलात पडायचे. भट्टीची आच किती आहे ते एक मीटर दर दहा सेकंदांनी तारेवरून संगणकाला कळवायचं आणि यामिनीचा प्रोग्रॅम ते लिहून ठेवायचा. माल घेणाऱ्यांचा इन्स्पेक्टर आला की आधी ती नोंद मागायचा. नोंद नीट नसेल तर माल परत.

मे संपत आला होता, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला होता, आणि सोमवारी भरदुपारी सुमंतभाऊंचा फोन आला.

"यामिनी, तू आधी इकडं ये. हे फोनवर बोलायची गोष्ट नाही."

सुमंतभाऊ म्हणजे दुर्गच्या जुन्या मराठी घराण्यातले, यामिनीच्या वडिलांच्या ओळखीचे. माणूस वाईट नव्हता, पण एकदा डोक्यात काही घेतलं की ते काढायला कोणाची छाती नव्हती. ती केबिनमध्ये शिरली तेव्हा टेबलावर कागदांचा गठ्ठा पसरलेला होता. इन्स्पेक्टरने लाल पेनाने गोल केले होते. दररोज सकाळी सहापासून सहा-वीसपर्यंतच्या नोंदीत आकड्यांच्या जागी नुसता कचरा होता: उलटी प्रश्नचिन्हं, चौकोन, कुठलीशी वेडीवाकडी अक्षरं. सहा-वीसनंतर आकडे एकदम शहाण्यासारखे सरळ.

"दोन महिने झाले असं होऊन राहिलं," सुमंतभाऊ म्हणाले. "इन्स्पेक्टर म्हणते, ह्या वीस मिनिटांत तुम्ही काय लपवून राहिले?"

यामिनीच्या मनात पहिली भीती आली ती स्वतःच्या प्रोग्रॅमची. पण दोन वर्षांत तिने त्यातलं एक अक्षर बदललेलं नव्हतं. मार्चमध्ये जुना संगणक बंद पडला म्हणून नवा आणला, त्यावर नवी सिस्टीम टाकली आणि तिचा प्रोग्रॅम जसाच्या तसा वर चढवला, एवढंच काय ते झालं होतं. तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

"मले मशीनचा डाउट नाही," सुमंतभाऊ म्हणाले. "माणूस मी धरला आहे."

त्यांनी शिफ्टचं रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. निळ्या शाईत, जपून काढलेल्या अक्षरांत, दररोज एकच ओळ होती. ‘६.२०. स्पीड बसवली. देवराव.’

आता ह्या कारखान्यात स्पीड ह्या शब्दाला एकच अर्थ होता, तो म्हणजे पट्ट्याची स्पीड. पट्टा जोरात चालवला की माल भराभर निघतो, दिवसाचं टार्गेट लवकर पुरं होतं, पण क्लिपना पुरेशी आच लागत नाही आणि ते कच्चे राहतात. कच्चा क्लिप रुळावर गेला तर काय होईल हे कोणाला सांगायची गरज नव्हती.

"पट्ट्याला मीटर नाही?" यामिनीने विचारलं.

"कायचं मीटर? घुंडी आहे. फिरवली का झालं. मी पाहाले गेलो का घुंडी बरोबर जागेवर असते. एकदम साळसूद." सुमंतभाऊंनी आवाज खाली केला. "सकाळी पट्टा पळवते आणि कम्प्युटरमध्ये घोळ करून ठेवते, कोणाले कळू नाही म्हणून."

"त्यांना विचारलं तुम्ही?"

"विचारलं ना! सरळ विचारलं, स्पीड तुमीच बदलता का? तर म्हणते, हव, मीच बसवतो, रोज बसवतो. वरून हसते! आता बोल. मी पुढं एक अक्षर बोललो नाही. म्हटलं, आधी पुरावा हातात येऊ दे, मग पाहू." त्यांनी खण उघडून एक टाइप केलेला कागद दाखवला. पोलीस ठाण्यात द्यायची तक्रार, रेकॉर्डशी छेडछाड केल्याची. "शुक्रवारी दहा वाजता देणार. तू फक्त पक्कं करून दे."

देवराव भट्टीवरचा ऑपरेटर. वय बासष्ट. स्टील प्लांटमध्ये एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेला, आणि घरी बसवत नाही म्हणून इथे लागलेला. मूळचा आमगावकडचा, वैशाली नगरात दोन खोल्यांचं घर, बायको मनकर्णा, मुलं बाहेरगावी. प्लांटच्या एवढ्या वर्षांत एकही मेमो मिळाला नाही हे तो ज्याला त्याला सांगायचा, दोनदा सांगायचा. त्या माणसाच्या नावावर पोलीस तक्रार गेली असती तर नोकरीचं सोडा, तो शेजाऱ्यांसमोर मान वर करून चालला नसता.

यामिनीला हे कळत होतं. पण आपण भावनेच्या भरात वाहून जायचं नाही, पुरावा बघायचा, असं तिने स्वतःला बजावलं. ही बजावणी तिला नेहमी आवडायची, त्यात शहाणपण वाटायचं.

तिने संगणकाच्या आतल्या नोंदी उघडल्या आणि तिच्या मनात शंकेची पाल चांगलीच चुकचुकली. सकाळी सहाला मेन स्विच दाबला की संगणक चालू होत होता, तिचा प्रोग्रॅम आपोआप सुरू होत होता आणि कचरा लिहायला लागत होता. सहा-वीसला कोणीतरी काळी खिडकी उघडून, म्हणजे जिथे संगणकाला थेट हुकूम टाइप करता येतात ती, अर्धा मिनिट काहीतरी टाइप करत होतं. आणि त्याच मिनिटापासून आकडे सरळ येत होते. रविवार सोडता एकही दिवस चुकलेला नव्हता. रविवारी देवरावची सुट्टी, दुसरा ऑपरेटर असायचा, त्या दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत कचराच.

म्हणजे हा नुसता पट्टा पळवत नाही, तिच्या मनाने घेतलं, हा आकडेच खोटे भरतो. देवराव असला की आकडे, नसला की कचरा. आणखी काय पाहिजे?

तिने संगणकात गुपचूप एक सोय करून ठेवली, की काळ्या खिडकीत जे टाइप होईल ते आपल्यासाठी लिहून ठेवलं जावं. आणि बुधवारी पहाटेच स्कूटीवर निघून, ट्रकांच्या रांगेतून वाट काढत ती सहाच्या आत कुम्हारीला पोचली. भट्टीशेजारच्या काचेच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली, लॅपटॉप उघडून कामात असल्याचं सोंग केलं आणि मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून कॅमेरा संगणकाकडे वळवला.

देवराव आला. गळ्यात गमछा, हातात डबा. आधी भट्टीभोवती एक फेरी मारली, तेलाची टाकी पाहिली, पट्ट्यावर हात ठेवून त्याचा थरथराट पाहिला. मग आत आला.

"आज लवकर आल्या, मॅडम?"

"हो, थोडं काम होतं."

"चाय सांगू?"

"नको."

त्याने मान हलवली, चष्मा लावला, खिशातून घडी पडलेली चिठ्ठी काढली आणि एका बोटाने टाइप केलं. पडद्यावरचा कचरा थांबला. ८४०, ८४१, ८४१. त्याने रजिस्टर ओढलं, ओळ लिहिली, सही केली आणि बाहेर गेला. पट्ट्याच्या घुंडीला त्याने हातही लावला नाही, पण संशयाला एवढ्याने काय होतं? आपण बसलोय म्हणून नसेल लावला, यामिनी म्हणाली मनात.

दुपारी सुमंतभाऊंचा फोन आला तेव्हा ती बोलून गेली, "भाऊ, एवढं नक्की आहे, देवरावकाका संगणकावर बसले की मगच आकडे सरळ होतात." हे वाक्य खरं होतं. पुढे त्याचं काय झालं ते कळेलच.

गुरुवारी ती पुन्हा गेली, पुन्हा चित्रीकरण केलं. मग घरी येऊन, दार लावून, दोन दिवसांत काय टाइप झालं ते उघडलं. तिला वाटलं होतं, पानंच्या पानं सापडतील, खोट्या आकड्यांची यादी सापडेल. सापडल्या त्या दोन ओळी. दोन्ही दिवस त्याच.

पहिली ओळ: पोर्टची स्पीड ४८०० कर. दुसरी ओळ: पोर्टची स्पीड १९२०० कर.

बस. इतकंच.

तारेवरून आकडे पाठवणारं मीटर एका ठरावीक वेगाने बोलतं. ऐकणाऱ्या संगणकाच्या पोर्टलाही, म्हणजे ती तार जिथे लागते त्या तोंडालाही, तोच वेग लावावा लागतो. एक जण भराभर बोलतोय आणि दुसरा रेंगाळत ऐकतोय असं झालं, तर ऐकणाऱ्याच्या पदरी बडबड येते, कचरा येतो. सुमंतभाऊंच्या मीटरचा वेग होता १९२००. देवराव रोज सकाळी ‘स्पीड’ बसवत होता ती ही स्पीड. पट्ट्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

पण मग ही स्पीड त्याला का बसवावी लागत होती? ती बसवणं तिच्या प्रोग्रॅमचं काम होतं. पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, वेग १९२०० कर.

प्रोग्रॅम लिहिणारे असली कामं स्वतः करत नाहीत. सिस्टीमबरोबर एक लायब्ररी येते, सगळ्यांच्या रोजच्या कामांचा तयार साठा. तिला सांगायचं की पोर्टचा वेग एवढा कर. ती उत्तर देते, केला. यामिनीने दोन वर्षांपूर्वी ते ‘केला’ वाचलं आणि पुढे निघून गेली होती. दूधवाल्यावर संशय घेणारी बाई, पण लायब्ररीच्या शब्दावर तिने डोळे मिटून विश्वास ठेवला होता. लायब्ररी ती, हजारो हुशार लोकांनी तपासलेली. तिच्यावर कोण शंका घेतो?

घरी तसाच एक संगणक होता. तिने प्रोग्रॅममध्ये एकच ओळ वाढवली. वेग बसवून झाला की पोर्टलाच विचार, बाबा रे, आता तुझा वेग किती?

लायब्ररी म्हणाली, १९२०० केला. पोर्ट म्हणालं, ९६००.

तिने पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. संगणक बंद करून चालू केला. तेच. मार्चमध्ये नव्या सिस्टीमबरोबर आलेल्या लायब्ररीत कुठेतरी घोळ होता. तिचा समज होऊन बसत होता की वेग आधीच १९२०० आहे, आणि मग ती जागची न हलता ‘झालं’ म्हणून मोकळी होत होती. इंटरनेटवर शोधलं तर आणखी चार जणांनी हीच तक्रार केलेली होती. लायब्ररी दुरुस्त होईपर्यंत उपाय एकच होता. तिला आधी दुसऱ्याच कुठल्या वेगावर न्यायचं, म्हणजे तिचा समज मोडतो, आणि मग हव्या त्या वेगावर आणायचं.

आधी ४८००, मग १९२००. देवराव गेले दोन महिने नेमकं हेच करत होता. एका बोटाने.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. वेग बसवायचा, उलट विचारून खात्री करायची, जुळला नाही तर दुसऱ्या वेगावरून फिरवून आणायचा. करून झाल्यावर मात्र तिच्या मनात एक वाईट विचार आला. वाईट विचार येतात माणसाला, लपवण्यात अर्थ नाही. उद्या जाऊन गुपचूप नवा प्रोग्रॅम चढवायचा आणि सांगायचं, छेडछाड आढळली नाही. देवरावही सुटला, आपणही सुटलो. चूक कोणाची हे कोणी विचारणारही नाही.

तेवढ्यात मोबाईल वाजला. सुमंतभाऊंनी तक्रारीच्या पक्क्या प्रतीचा फोटो पाठवला होता. हिंदीत टाइप केलेली, तिसरी ओळ ठळक अक्षरांत: ‘विशेषज्ञ के अनुसार, देवराव के कंप्यूटर पर बैठने के बाद ही आँकड़े सीधे होते हैं।’

विशेषज्ञ म्हणजे ती. वाक्य तिचंच. कोणी तोंडात मारावी तसं झालं तिला. तिने लगेच फोन लावला.

"भाऊ, ते देऊ नका. ते वाक्य..."

"सकाळी समोरच बोलू. देवरावलेही बोलावलं आहे मी," म्हणून त्यांनी ठेवून दिला.

शुक्रवारी नऊ वाजता केबिनमध्ये देवराव उभाच होता. खुर्ची कोणी दिली नव्हती. सुमंतभाऊंनी चष्मा लावून तक्रार मोठ्याने वाचायला घेतली. पहिल्या दोन ओळींपर्यंत देवरावच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, त्याला बहुधा वाटलं दुसऱ्या कोणाबद्दल आहे. मग त्याचं नाव आलं. मग तिसरी ओळ आली आणि त्याने वळून यामिनीकडे पाहिलं. रागाने नाही. नीट ऐकू आलं नाही म्हणजे माणूस बघतो ना, तसं.

"थांबा भाऊ," यामिनी म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला. "चूक माझी आहे. माझ्या प्रोग्रॅमची."

"म्हणजे?"

"काकांनी पट्ट्याची स्पीड कधी बदललीच नाही. ते पोर्टची स्पीड बसवत होते. ती माझा प्रोग्रॅम बसवायला पाहिजे होता, तो बसवत नव्हता. काका बसवत होते म्हणून तुम्हाला दिवसाची नोंद तरी मिळत होती."

सुमंतभाऊंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग देवरावकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "तू देवरावले वाचवून राहिली का?"

डोक्यात घेतलेलं सहजी निघत नाही म्हटलं ते हेच. ती त्यांना काचेच्या खोलीत घेऊन गेली. संगणक बंद करून चालू केला. कचरा आला. तिने देवरावच्या दोन ओळी टाइप केल्या. ८३९, ८४०. पुन्हा बंद केला, नवा प्रोग्रॅम चढवला, चालू केला. पहिल्या ओळीपासून आकडे सरळ. कोणाचं बोट लागलं नाही. सुमंतभाऊंनी स्वतः तीनदा बंद-चालू करवून घेतलं. चौथ्यांदा मात्र हात मागे घेतला.

"दोन महिने," ते यामिनीला म्हणाले. "दोन महिने तुले समजलं नाही?"

"नाही समजलं."

"आणि देवराव, तुमी त्या रजिस्टरमध्ये नुसतं स्पीड स्पीड कावून लिहून ठेवलं? कोणती स्पीड ते लिहा ना!"

"मंग काय लिहू?" देवराव पहिल्यांदाच बोलला. "प्लांटमध्ये आमच्या सेक्शनले टर्मिनल होते, हिरव्या अक्षरांचे. सकाळी चालू केले का आधी स्पीड बसवा लागे, नाही तर असाच कचरा येत होता. कधी सरळ बसे नाही, तर दुसरीकडून फिरवून आणा लागे. आमी त्यालेच स्पीड म्हणत होतो. मार्चमध्ये इथं कचरा दिसला, मी म्हटलं, हे तर आपल्या ओळखीचं आहे." मग सुमंतभाऊंकडे पाहून म्हणाला, "तुमी विचारलं, स्पीड बदलता का. मी हव म्हटलं. मले वाटलं, साहेबाले आपलं काम दिसलं."

सुमंतभाऊंनी तक्रारीचा कागद फाडला. फाडून झाल्यावर तुकडे कुठे टाकावे ते त्यांना सुचेना, म्हणून ते मुठीत घेऊनच केबिनकडे गेले. माफी वगैरे मागायची त्यांच्या घराण्यात पद्धत नसावी.

खोलीत दोघंच राहिले. यामिनीने हात जोडले. "काका, माफ करा मला. मी तुमच्यावर..."

"असू द्या." देवरावने चष्मा काढून गमछ्याने पुसला. "एक गोष्ट विचारू, मॅडम? तुमी मोबाईल लावून बसल्या होत्या. मले दिसला होता."

तिला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मले वाटलं, ऑफिसनं शिकायले बसवलं तुमाले. म्हणजे माझ्यानंतर कोणाले तरी हे आलं पाहिजे म्हणून. म्हणून मी हळूहळू टाइप केलं, तुमाले अक्षरं दिसली पाहिजे." तो थोडा हसला, पण ते हसू नीट बसलं नाही. "घरी गेलो तं मनकर्णाले सांगितलं, माझ्या कामाची शूटिंग करून राहिले म्हणून. तिनं गुरुवारले पेटीतला शर्ट काढून देला."

बाहेर पट्ट्याचा आवाज जरा बदलला, तसा तो कान देऊन थांबला आणि डबा उचलून भट्टीकडे गेला.

यामिनीने मोबाईल काढला आणि गुरुवारचं चित्रीकरण लावलं. एकदा पाहिलेलं होतं, पण तेव्हा ती फक्त पडदा आणि बोट बघत होती. नवतप्यात, पेटत्या भट्टीच्या शेजारी, देवराव इस्त्रीचा आकाशी शर्ट घालून बसला होता, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. एक अक्षर दाबायचा आणि हात बाजूला घ्यायचा, मागे बसलेल्याला दिसावं म्हणून. मग थोडं थांबून पुढचं अक्षर.